प्लाझ्मा तापवणारी लहर त्यालाच स्थिर कशी करते?

बेळगावात अभियांत्रिकी शिकणाऱ्या, मूळच्या खानापूर तालुक्यातील एका विद्यार्थिनीचा प्रश्न माझ्याकडे आला आहे. तिचे वडील उद्यमबागेतील एका फाउंड्रीत इंडक्शन भट्टी चालवतात. कॉइल धातूला स्पर्शही न करता लोखंड वितळवते, हे ती लहानपणापासून पाहत आली आहे. संलयनाच्या, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा मिळवण्याच्या, यंत्रात रेडिओ लहरींनी प्लाझ्मा (तापून भारित कणांत फुटलेला वायू) तापवतात असे वाचल्यावर तिला दोन शंका आल्या. हा इंडक्शन भट्टीचाच मोठा अवतार आहे का? आणि एखादी वस्तू अधिक तापवली की ती अधिक अस्थिर व्हायला हवी, मग तापवणारी लहरच प्लाझ्मा स्थिर करते असे का म्हणतात? भारतात हे काम कुठे चालते आणि त्यासाठी काय शिकावे, हेही तिने विचारले आहे. उच्च शक्तीच्या रेडिओ वारंवारता प्रणालींवर माझी बरीच वर्षे गेली आहेत, तेव्हा उत्तर जरा विस्ताराने देतो.

भट्टीशी केलेली तुलना पहिल्या टप्प्यापुरती अगदी योग्य आहे. हेस्कॉमकडून येणारी ५० हर्ट्झची वीज बदलून भट्टीच्या कॉइलमध्ये काहीशे ते हजारभर हर्ट्झचा प्रवाह सोडला जातो. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत प्रवाह निर्माण होतो आणि धातूच्या रोधामुळे उष्णता तयार होते. टोकामॅकच्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा कड्याच्या आकारात धरून ठेवणाऱ्या संलयन यंत्राच्या, मध्यभागी जी उभी कॉइल असते, तिचे काम याच तत्त्वावर चालते. ती ट्रान्सफॉर्मरची प्राथमिक बाजू असते आणि कड्याच्या आकाराचा प्लाझ्मा ही एकाच वेढ्याची दुय्यम बाजू. त्या वेढ्यातून लाखो अँपिअरचा प्रवाह वाहतो आणि प्लाझ्मा स्वतःच्या रोधामुळे तापतो.

पुढे मात्र दोन्हींच्या वाटा वेगळ्या होतात. लोखंड तापले की त्याचा रोध वाढतो. प्लाझ्मा तापला की त्याचा रोध तापमानाच्या दीड घाताने कमी होतो. सुमारे १ कोटी १६ लाख अंश सेल्सिअसला, म्हणजे आमच्या बोलण्यातील १ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टला, हायड्रोजन प्लाझ्मा जवळपास तांब्याइतका सुवाहक होतो. त्याच्या दहापट तापमानाला त्याचा रोध आणखी तीसपटीने घटतो. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड प्रकारांचे संलयन उपयोगी वेगाने होण्यासाठी साधारण १५ कोटी अंश तापमान लागते. नेहमीच्या टोकामॅकमध्ये केवळ प्रवाह वाहवून तेथवर पोहोचता येत नाही, कारण ज्या रोधातून उष्णता मिळायची तो रोधच उरत नाही. प्रवाह वाढवत नेला तर प्लाझ्मा आधी अस्थिर होऊन कोसळतो. म्हणून बाहेरून ऊर्जा द्यावी लागते. ती द्यायचा एक मार्ग म्हणजे वेगवान उदासीन अणूंचा झोत आणि दुसरा म्हणजे लहरी.

लहरींची खरी ताकद त्या निवड करतात यात आहे. चुंबकीय क्षेत्रात प्रत्येक भारित कण क्षेत्ररेषेभोवती फिरतो आणि त्याची वारंवारता केवळ क्षेत्राच्या तीव्रतेवर आणि कणाच्या भार-वस्तुमान गुणोत्तरावर ठरते. इलेक्ट्रॉनसाठी ती दर टेस्लाला २८ गिगाहर्ट्झ आहे, हायड्रोजनच्या आयनासाठी १५.२ मेगाहर्ट्झ आणि ड्यूटेरियमसाठी ७.६ मेगाहर्ट्झ. लहरीची वारंवारता या आकड्याशी जुळली की तोच कण लहरीतून सतत ऊर्जा घेतो, बाकीच्यांना ती जवळजवळ जाणवतही नाही. टोकामॅकमधील चुंबकीय क्षेत्र सर्वत्र सारखे नसते, हे आपल्या पथ्यावर पडते. मध्य अक्षापासून जितके दूर जावे तितके ते त्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होत जाते. त्यामुळे ठरावीक वारंवारतेचा अनुनाद, म्हणजे लहर आणि कण यांची ही जुळणी, यंत्राच्या आत एका अरुंद उभ्या पट्टीतच होतो. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ईटर या आंतरराष्ट्रीय संलयन यंत्रात प्लाझ्माच्या मध्यावर, म्हणजे अक्षापासून ६.२ मीटरवर, क्षेत्र ५.३ टेस्ला असणार आहे. तेथे वापरायची १७० गिगाहर्ट्झची लहर इलेक्ट्रॉनांना सुमारे ६.०७ टेस्लाला भेटते. हिशेब केला तर ती जागा अक्षापासून साधारण ५.४ मीटरवर येते. लहर तिरकी सोडली तर डॉप्लर परिणामामुळे ही जागा थोडी सरकते, आणि आम्ही ती मुद्दाम सरकवतो. कोणत्या कणाला आणि कोणत्या जागी ऊर्जा द्यायची हे असे ठरवता येते. स्थैर्याचा सारा भाग या एका गोष्टीवर उभा आहे.

आयनांना तापवण्याच्या पद्धतीत एक पेच आहे. तो पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकला जातो, पण प्रत्यक्षात सगळा अभ्यास त्याच्याभोवती फिरतो. शुद्ध ड्यूटेरियमच्या प्लाझ्मात ड्यूटेरियमच्याच मूळ वारंवारतेची लहर सोडली, तर ती खूप शोषली जाईल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती जवळपास शोषलीच जात नाही. आयन ज्या दिशेने फिरतात त्या दिशेने फिरणारा लहरीच्या विद्युतक्षेत्राचा घटक, अनुनादाच्या जागी हे आयनच मिळून पुसून टाकतात. यावरचा उपाय म्हणजे ड्यूटेरियममध्ये काही टक्के हायड्रोजन मिसळायचा आणि लहर हायड्रोजनच्या वारंवारतेची सोडायची. लहरीचे ध्रुवीकरण, म्हणजे तिचे विद्युतक्षेत्र कोणत्या दिशेने फिरते ते, बहुसंख्य ड्यूटेरियम ठरवते आणि ऊर्जा अल्पसंख्य हायड्रोजन घेतो. हायड्रोजनचे प्रमाण फार वाढू देता कामा नये. ते वाढले की लहर वाटेत आपले रूप बदलते आणि ऊर्जा भलत्याच जागी इलेक्ट्रॉनांकडे जाते. म्हणून भिंतीत मुरलेला हायड्रोजन किती बाहेर येतो आहे, याकडे प्रयोगाच्या दिवशी सतत लक्ष ठेवावे लागते.

अल्पसंख्य आयन कोणता निवडायचा, यावर तापणार कोण हेही ठरते. हायड्रोजनचे थोडेसे आयन सारी ऊर्जा घेऊन इतके वेगवान होतात की मंदावताना ती मुख्यतः इलेक्ट्रॉनांना देतात. हेलियम-३ वापरला तर त्याचा वेग बेताचा राहतो आणि ऊर्जा थेट इंधनाच्या आयनांकडे अधिक जाते. त्यातच निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. हेलियम-३ ची मूळ वारंवारता आणि ट्रिटियमच्या वारंवारतेची दुप्पट या दोन्ही एकच आहेत, ५.३ टेस्लाला सुमारे ५३ ते ५४ मेगाहर्ट्झ. त्यामुळे सुरुवातीला हेलियम-३ च्या साहाय्याने प्लाझ्मा तापवायचा आणि तो पुरेसा तापला की त्याच वारंवारतेवर ट्रिटियमनेच ऊर्जा घ्यायची, अशी योजना करता येते. हे गुणोत्तर मी प्रथम कागदावर मांडून पाहिले तेव्हा झालेला आनंद आजही ताजा आहे.

आता ज्या भागात माझे आयुष्य गेले त्याविषयी. आयन तापवणारी पन्नासेक मेगाहर्ट्झची लहर निर्वातातून प्लाझ्मापर्यंत सहज जात नाही. कडेला प्लाझ्माची घनता एका मर्यादेपेक्षा कमी असते, तेथे ही लहर पुढे सरकत नाही आणि अंतरागणिक घातांकी वेगाने विरत जाते. म्हणून अँटेना प्लाझ्माच्या अगदी कडेला, काही सेंटीमीटरवर ठेवावी लागते. तरीही प्लाझ्माकडून अँटेनाला मिळणारा भार जेमतेम काही ओहमचा असतो, तर शक्ती घेऊन येणारी समाक्ष लाइन (एकात एक बसवलेल्या दोन नळ्या) असते सहसा ५० ओहमची. तुमच्या वडिलांना भट्टीचा भार बदलला की कपॅसिटर बँक पुन्हा जुळवावी लागते, तशीच ही जुळवणी. फरक इतकाच की आमचा भार सेकंदाच्या हजाराव्या भागात बदलतो. प्लाझ्माच्या कडेवर अचानक स्फोट व्हावा तशी ऊर्जा बाहेर फेकली जाते, घनता क्षणात वाढते, भार दुप्पट-तिप्पट होतो आणि परत आलेली शक्ती थेट जनित्रावर आदळते.

हा धोका आकड्यांत मांडतो. जुळलेल्या ५० ओहमच्या लाइनवर १ मेगावॅट शक्ती जात असेल तर व्होल्टेजचे शिखर १० किलोव्होल्ट असते. भार न जुळल्याने लाइनवर स्थिर लहर तयार झाली आणि तिच्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजचे गुणोत्तर १० झाले, तर त्याच १ मेगावॅटला ३१ किलोव्होल्टपेक्षा जास्त शिखर येते. ही शिखरे दर अर्ध्या तरंगलांबीवर येतात. ४५.६ मेगाहर्ट्झला हे अंतर ३.३ मीटरच्या आसपास भरते. आर्क, म्हणजे दोन नळ्यांमध्ये विजेची ठिणगी, झाल्यानंतर लाइन उघडली की आतल्या तांब्याच्या नळीवर दोन-तीन मिलिमीटरचा काळपट डाग दिसतो, त्याभोवती वितळून पुन्हा गोठलेल्या तांब्याची खरबरीत कड असते, आणि समोरच्या बाहेरच्या नळीवर तसाच जुळा डाग. पट्टी घेऊन मोजले तर तो बहुतेक वेळा शिखराच्या जागीच सापडतो. खरी अडचण उरलेल्या वेळांची असते. व्होल्टेज सर्वांत कमी असते तेथे आर्क पेटला तर परत येणाऱ्या शक्तीत फारसा फरक पडत नाही, नेहमीचे संरक्षण गाफील राहते आणि तांबे मात्र जळत राहते. म्हणून आर्कच्या प्रकाशावर आणि त्यातून निघणाऱ्या वेगळ्या वारंवारतेच्या गोंगाटावरही नजर ठेवावी लागते, आणि चाहूल लागताच काही मायक्रोसेकंदांत शक्ती तोडावी लागते. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याने किती मेगावॅट सोडले हे विचारण्याआधी परत किती आले हे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

इलेक्ट्रॉनांना तापवणाऱ्या लहरींचे हे दुखणे नाही. १७० गिगाहर्ट्झची तरंगलांबी पावणेदोन मिलिमीटर असते, त्यामुळे ती झोताच्या रूपात आरशांनी वळवता येते आणि निर्वात सहज पार करते. तिचा स्रोत म्हणजे जायरोट्रॉन. सुमारे ७ टेस्लाच्या अतिवाहक चुंबकात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या झोतातून तो १ मेगावॅटपर्यंत शक्ती काढतो. ती शक्ती बाहेर येते ती कृत्रिम हिऱ्याच्या खिडकीतून, कारण इतकी शक्ती जवळपास न शोषता आणि न तडकता सोसणारा दुसरा योग्य पदार्थ हाताशी नाही.

तिसरी पद्धत काही गिगाहर्ट्झच्या, लोअर हायब्रिड नावाच्या लहरींची. तिचे मुख्य काम तापवणे नसून प्रवाह चालवणे हे आहे. ट्रान्सफॉर्मर अनंत काळ चालू शकत नाही, कॉइलमधील प्रवाह कधीतरी कमाल मर्यादेला पोहोचतोच. नॅथॅनिएल फिश यांनी १९७८ मध्ये दाखवले की एकाच दिशेने जाणारी लहर आधीच वेगवान असलेल्या इलेक्ट्रॉनांना ढकलू शकते, आणि हे इलेक्ट्रॉन क्वचितच टकरा देत असल्याने त्यांचा प्रवाह टिकून राहतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्रान्समधील वेस्ट यंत्राने १३३७ सेकंद प्लाझ्मा टिकवला. तेथेही तो टिकवून धरला लहरींनीच, सुमारे २ मेगावॅट शक्तीच्या.

आता दुसरी शंका. टोकामॅकमध्ये क्षेत्ररेषा कड्याभोवती वेढे घेत जातात. या रेषांनी विणलेली पृष्ठे एकात एक बसलेली असतात, आणि त्यांतील काहींवर वेढ्यांचे गुणोत्तर साधा अपूर्णांक असते, उदाहरणार्थ लांब बाजूने दोन फेऱ्या होतात तेव्हा आडव्या बाजूने एक. अशा पृष्ठावर रेषा स्वतःलाच येऊन मिळते, त्यामुळे तेथील छोटासा बिघाड पसरून जात नाही, वाढत जातो. रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात आणि चुंबकीय बेट तयार होते. बेटाच्या आत उष्णता रेषांवरून गोल फिरून आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूला सहज पोहोचते, म्हणून तेथला दाबाचा उतार सपाट होतो. प्लाझ्मा दाबाच्या उतारामुळे स्वतःचा प्रवाह स्वतःच निर्माण करत असतो. उतार गेला की बेटातला तो प्रवाहही जातो आणि प्रवाहातली ही पोकळी बेटाला आणखी रुंद करते. असे बेट वाढून भिंतीच्या क्षेत्रदोषात अडकले आणि फिरायचे थांबले की बऱ्याचदा संपूर्ण प्लाझ्मा काही मिलिसेकंदांत कोसळतो. मोठ्या यंत्रात त्या क्षणी भिंतीवर पडणारा भार अत्यंत गंभीर असतो.

रोगाचे मूळ प्रवाहाच्या पोकळीत असेल तर ती पोकळी भरणे हाच उपाय. जायरोट्रॉनचा झोत तिरका सोडून नेमका बेटाच्या मध्यावर टाकला, तर तेथील इलेक्ट्रॉन एका दिशेने ढकलले जाऊन हरवलेला प्रवाह परत मिळतो आणि बेट आकसते. जर्मनीतील गार्खिंगच्या ॲस्डेक्स अपग्रेड यंत्रावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस हे प्रयोगाने दाखवले गेले. नंतर जपानच्या जेटी-६०यू आणि अमेरिकेच्या डीथ्री-डी या यंत्रांवरही ते झाले, आणि बेट कुठे आहे हे चालू प्रयोगात मोजून झोत त्यावर जुळवण्याचे तंत्र विकसित झाले. येथे तुमच्या शंकेचे थेट उत्तर आहे. एकूण तापवण्याच्या शक्तीचा लहानसा हिस्सा काही सेंटीमीटरच्या पट्टीत नेमका पडला तर प्लाझ्मा वाचतो, आणि तीच शक्ती दोन-चार सेंटीमीटर चुकली तर तिचा उपयोग जवळजवळ संपतो. भट्टीत उष्णता कुठेही निर्माण झाली तरी वितळलेला रस ढवळून एकजीव होतो. येथे ढवळले जाणे हेच संकट आहे.

झोत योग्य जागी ठेवण्याचे काम मोठे कसबाचे असते. बेट प्लाझ्माबरोबर हजारो हर्ट्झने फिरत असते. भिंतीलगतच्या छोट्या कॉइलमध्ये त्याची लय दिसते, पण त्यावरून ते किती खोलवर आहे हे नीट कळत नाही. ती खोली इलेक्ट्रॉनांच्या स्वतःच्या सूक्ष्मलहरी उत्सर्जनावरून मिळते. तापमानाची चढउतार बेटाच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेला परस्परविरुद्ध कलेत असते, म्हणजे एका कडेला ते चढते तेव्हा दुसऱ्या कडेला उतरते, आणि जेथे ही कला उलटते तेथे बेटाचा मध्य. ते मोजायचे, त्यावरून आरशाचा कोन काढायचा आणि बेट लहान असतानाच आरसा वळवायचा. ईटरमध्ये हे काम मुख्यतः यंत्राच्या वरच्या बाजूच्या चार झरोक्यांतील आरशांकडे सोपवलेले आहे.

लहरींनी नुकसानही होते, हे सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. प्लाझ्माच्या गाभ्यातील तापमान हळूहळू चढते आणि अचानक खाली येते, असे चक्र नेहमी चालू असते. आयन तापवल्याने तयार होणारे अतिवेगवान आयन हे कोसळणे लांबवतात. इंग्लंडच्या जेट यंत्रावर १९८० च्या दशकात सेकंद-सेकंदभर लांबलेली अशी चक्रे पाहिली गेली. तापमान वाढत राहते म्हणून सुरुवातीला ते चांगले वाटते. पण लांबलेले चक्र कोसळते तेव्हा इतका मोठा धक्का देते की त्यातून वर सांगितलेल्या बेटाचे बीज पडते. म्हणून अलीकडे गाभ्याच्या कडेला थोडा प्रवाह चालवून ही चक्रे मुद्दाम छोटी आणि वारंवार ठेवली जातात. लहरी प्रत्येक अस्थिरतेवरचे औषधही नव्हेत. लांबट आकाराचा प्लाझ्मा वर किंवा खाली घसरू लागला तर त्याला सावरणे हे कॉइलचे काम आहे, लहरींचे नाही.

भिंतीचा प्रश्न सध्या सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. टंगस्टन उष्णता सोसतो म्हणून तो भिंतीला वापरतात, पण त्याचे थोडेसे अणू गाभ्यात साचले तरी ते प्रचंड किरणोत्सर्जन करून प्लाझ्मा थंड करतात. आयन तापवणाऱ्या अँटेनासमोर लहरीमुळे विद्युतदाबाचा एक पातळ थर तयार होतो, तो आयनांना भिंतीवर आदळवतो आणि टंगस्टन उडवतो. ॲस्डेक्स अपग्रेडवर तीन पट्ट्यांची अँटेना बसवून, पट्ट्यांतील प्रवाहाचे प्रमाण असे जुळवले गेले की त्यांची एकमेकांविरुद्धची क्षेत्रे या जागेचा विद्युतदाब खाली आणतात, आणि टंगस्टन स्पष्टपणे कमी झाला. दुसरीकडे गाभ्यात थेट सोडलेली लहर साचलेला टंगस्टन बाहेर काढायला मदत करते. २०२४ मध्ये ईटरने पहिल्या भिंतीसाठी बेरिलियमऐवजी टंगस्टन घेण्याचा सुधारित आराखडा मांडला आणि त्याच वेळी इलेक्ट्रॉन तापवणाऱ्या लहरींची शक्ती वाढवली. या दोन निर्णयांचे नाते आता तुमच्या लक्षात येईल.

भारतात हे काम गांधीनगरजवळ भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत चालते. तेथे आदित्य टोकामॅक १९८९ मध्ये सुरू झाला, पुढे त्याची सुधारित आवृत्ती आदित्य-यू झाली, आणि ३ टेस्लासाठी आखलेल्या अतिवाहक एसएसटी-१ मध्ये २०१३ साली पहिला प्लाझ्मा मिळाला. ईटरसाठी आयन तापवणाऱ्या लहरींचे स्रोत आणि काही जायरोट्रॉन पुरवण्याची जबाबदारीही भारताकडे आहे. तुम्ही इलेक्ट्रॉनिक्स शाखेत असाल तर ट्रान्समिशन लाइन आणि स्मिथ आलेख परीक्षेपुरते न ठेवता हाताने सोडवत राहा, त्याबरोबर निर्वात तंत्र आणि उच्च व्होल्टेजची सुरक्षा शिका. भट्टीजवळ सुट्टीत एखादा आठवडा घालवता आला तर वडिलांकडून एक गोष्ट समजून घ्या: लायनिंग (भट्टीचे आतले अस्तर) झिजून पातळ झाली की कॉइल आणि धातू यांच्यातील अंतर घटते, मग शक्ती आणि वारंवारता कशी बदलते आणि ते मीटरवर कसे ओळखतात. अँटेना आणि प्लाझ्मा यांच्यातील अंतराचे आमचे निम्मे काम त्याच जातीचे आहे.